रेणूंच्या कुलवृत्तान्तकार : डॉ. मार्गारेट डेहॉफ

इ. स. २०२१ च्या मार्च महिन्यातील गोष्ट. करोनाच्या दुसऱ्या लाटेने महाराष्ट्रास ग्रासण्यास प्रारंभ केला होता. त्या महिन्याच्या २४ तारखेस केंद्रीय आरोग्य खात्याने असे प्रसिद्ध केले की, महाराष्ट्रातून आलेल्या नमुन्यांत 'ई ४८४ क्यू' आणि 'एल ४५२ आर' असे फेरफार झालेल्या विषाणूंचे प्रमाण डिसेंबरच्या मानाने वाढलेले आढळते. वर्तमानपत्रांतील ती अक्षरे मला मोटारीच्या नंबरांसारखी वाटली. माझ्या धाकट्या कन्येचा विषय जीवशास्त्र. तिने समजावून सांगितले की, विषाणूच्या अंगावरील काट्यांचे प्रथिन म्हणजे मण्यांची एक लांब माळ असून, तिच्या ४८४ व्या जागी पूर्वी ग्लुटामिक आम्ल नावाचा मणी होता, त्याचे जागी आता ग्लुटामीन आला आहे. आणि ४५२ व्या जागी ल्युसीनच्या ऐवजी आर्जिनीन.

"ते समजले," मी म्हणालो, "पण ग्लुटामीनला क्यू हे अक्षर कोठून आले? त्याच्या नावात तर ते कोठेच नाही."

"बाबा, ती अक्षरे एका बाईंनी जमवून दिली आहेत. नाव भराभर उच्चारून पाहा, म्हणजे 'क्यूटामीन' असे ऐकू येईल!"

त्या बाई कोण, हे जाणून घेण्याची जिज्ञासा तेव्हापासून मनात राहिली. आपल्या ज्ञातीच्याच काय, पण आपल्या देशाच्याही नसलेल्या एका विदुषीचे चरित्र मंडळाच्या स्मरणिकेत कशासाठी, असे कोणी विचारील तर माझे उत्तर सरळ आहे. गेली अकरा वर्षे मी मंडळाच्या कुलवृत्तान्त समितीचे काम करीत आहे. घराण्याघराण्यांतून पत्रके मागवावयाची, ती ताडून पाहावयाची, कोणती शाखा कोठे फुटली हे ठरवावयाचे, हे काम किती किचकट आणि किती बिनमोलाचे समजले जाते हे मी जाणतो. ह्या बाईंनी नेमके हेच काम केले. फरक इतकाच की, त्यांनी ते माणसांच्या घराण्यांसाठी न करता रेणूंच्या घराण्यांसाठी केले.

मार्गारेट ओकली ह्यांचा जन्म अमेरिकेतील फिलाडेल्फिया शहरी ११ मार्च १९२५ रोजी झाला. वडिलांचा लहानसा व्यवसाय होता. आई माध्यमिक शाळेत गणित शिकवीत असे, हे वाचून माझ्यासारख्या शिक्षकास बरे वाटले. मुलगी दहा वर्षांची असताना कुटुंब न्यूयॉर्कला आले. तेथील विद्यापीठातून १९४५ साली गणित विषय घेऊन त्या उच्च श्रेणीत पदवीधर झाल्या आणि पुढील अभ्यासासाठी कोलंबिया विद्यापीठात प्रा. जॉर्ज किंबॉल ह्यांच्याकडे रसायनशास्त्राच्या विभागात दाखल झाल्या.

येथे थोडे शास्त्र सांगणे भाग आहे. बेन्झीनसारख्या कड्यांच्या आकाराच्या रेणूंत काही इलेक्ट्रॉन कोणा एका अणूचे नसून सर्व कड्याचे सामाईक असतात, जणू एकत्र कुटुंबातील मिळकतच. त्या सामाईकपणामुळे रेणूस जे जादा स्थैर्य लाभते, त्याचे मोजमाप पुंजवादाच्या समीकरणांनी करता येते. समीकरणे मांडणे सोपे, परंतु सोडविणे महाकठीण. कड्या तीन-चार झाल्या की आकडेमोड हाताबाहेर जाते. त्या काळी बँका आणि विमा कंपन्या आपले हिशेब भोके पाडलेल्या पुठ्ठ्याच्या पत्रांवर करीत. पत्रे यंत्रातून गेली की यंत्र ती निवडी, मोजी, बेरजा-गुणाकार करी. मार्गारेटबाईंनी हीच व्यापारी यंत्रे रेणूंच्या हिशेबास जुंपली. ह्या कामाबद्दल त्यांना वॉटसन गणन प्रयोगशाळेची शिष्यवृत्ती मिळाली, तेथील अधिक शक्तिमान यंत्रे वापरावयास मिळाली, आणि १९४८ साली, वयाच्या तेविसाव्या वर्षी, त्यांनी डॉक्टरेटचे काम पुरे केले. आजच्या विद्यार्थ्यास ह्यात नवल वाटणार नाही. परंतु पुष्कळ रसायनशास्त्रज्ञांनी तोवर गणकयंत्र डोळ्यांनी पाहिलेही नव्हते.

त्याच वर्षी एडवर्ड डेहॉफ ह्यांच्याशी त्यांचा विवाह झाला. एडवर्ड हे पदार्थविज्ञानातले. हायड्रोजनच्या वर्णपटातील अतिसूक्ष्म फरक मोजून पुढे नोबेल पारितोषिक मिळविणारे प्रा. लॅम ह्यांचे ते सहकारी. बाईंनी तीन वर्षे न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत संशोधन केले. १९५२ मध्ये पतीच्या नोकरीमुळे कुटुंब मेरीलँड प्रांतात गेले. रूथ आणि ज्युडिथ ह्या दोन मुलींच्या संगोपनासाठी पुढची काही वर्षे बाई घरी राहिल्या. पुढे त्यांनी संशोधनासाठी सहाय्य मागितले तेव्हा हा खंड त्यांच्याविरुद्ध मोजण्यात आला. शास्त्र झपाट्याने पुढे जात आहे आणि ह्या बाई मध्यंतरी त्यापासून दूर होत्या, असा तो आक्षेप होता.

येथे माझ्या घरची एक गोष्ट सांगितल्याबद्दल वाचकांनी क्षमा करावी. वर उल्लेखिलेली माझी कन्या मुलाच्या जन्मानंतर साडेतीन वर्षे घरी होती. त्यानंतर एका संस्थेत मुलाखतीस गेली असता, मधल्या काळात काय केले, असा प्रश्न तिला विचारण्यात आला, आणि उत्तर ऐकून घेण्याची तसदी समोरच्यांनी घेतली नाही. तिने तो प्रकार मला कोरड्या आवाजात सांगितला. मला रात्रभर झोप आली नाही. परंतु दुसऱ्यांस नावे ठेवण्यापूर्वी आपले घर पाहिले पाहिजे. आपल्या मंडळाच्या विद्यार्थी-सहाय्यक निधीच्या नियमांतही 'शिक्षणात खंड नसावा' असे कलम आहे. ते कलम करणाऱ्यांत मी स्वतः होतो. फीचे पैसे घेऊन अभ्यास सोडून देणाऱ्या मुलांना आळा बसावा एवढाच त्या वेळी आमचा हेतू होता. लेकीसुनांचा विचार आमच्या मनात आला नाही. ह्या कलमाने आजवर किती अर्ज परत गेले हे निधीच्या चिटणिसांनी दप्तर पाहून सांगावे, आणि ते कलम येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे फेरविचारासाठी ठेवावे, अशी माझी कार्यकारी मंडळास लेखी विनंती आहे.

असो. १९५७ साली डेहॉफबाई मेरीलँड विद्यापीठात पुनः कामास लागल्या. तेथे प्रा. एलिस लिपिनकॉट हे रेणूंच्या वर्णपटांचे नाणावलेले अभ्यासक होते. रेणूमधून किरण सोडले असता तो काही ठराविक किरण गिळतो. कोणते गिळले ह्यावरून त्याच्यातील अणूंचे बंध किती ताठ, किती सैल, कसे कंप पावतात हे कळते. वैद्य नाडीवरून प्रकृती ओळखतो तसाच हा प्रकार. ह्या बंधांचे वर्तन एका सुटसुटीत गणिती कल्पनेने वर्तविता येते काय, हा प्रश्न दोघांनी हाती घेतला, आणि त्यावरील त्यांचा विस्तृत निबंध वर्णपटशास्त्रास वाहिलेल्या 'स्पेक्ट्रोकिमिका ॲक्टा' ह्या नियतकालिकात १९६० साली प्रसिद्ध झाला. लिपिनकॉट ह्यांच्याशी त्यांचे सहकार्य पुढेही टिकले. १९६७ मध्ये ह्या दोघांनी, कार्ल सेगन आणि रिचर्ड एक ह्यांच्यासह, शुक्राच्या वातावरणात कोणते वायू कसे राहिले असतील ह्याचे गणित प्रसिद्ध केले. सेगन हे नाव दूरचित्रवाणीमुळे आपल्याकडेही परिचित आहे.

१९६० साली बाई 'नॅशनल बायोमेडिकल रिसर्च फाउंडेशन' ह्या नवीन संस्थेत सहसंचालक म्हणून रुजू झाल्या. संस्थेचे संस्थापक रॉबर्ट लेडली हे मूळचे दंतवैद्य आणि पदार्थविज्ञानाचेही पदवीधर. वैद्यकात गणकयंत्र आणावयाचे ह्या एका ध्यासाने ते झपाटलेले होते.

त्या सुमारास प्रथिनांची रचना उलगडण्यास नुकताच प्रारंभ झाला होता. इंग्लंडात फ्रेडरिक सँगर ह्यांनी इन्सुलीनमधील अवघ्या ५१ मण्यांचा क्रम लावण्यात सुमारे दहा वर्षे घालविली होती आणि त्याबद्दल त्यांना १९५८ चे नोबेल पारितोषिक मिळाले होते. अडचण अशी की, माळ अखंड वाचता येत नाही. ती निरनिराळ्या रसायनांनी निरनिराळ्या जागी तोडावयाची, तुकडे वाचावयाचे, आणि एका तोडणीच्या तुकड्याचे शेपूट दुसऱ्या तोडणीच्या तुकड्याच्या तोंडाशी जुळते का हे पाहात मूळ माळ पुनः ओवावयाची. ही जुळणी माणसाने केली तर त्यात महिने जातात, आणि एक चूक झाली की सारे उलगडावे लागते. डेहॉफ आणि लेडली ह्यांनी १९६२ साली 'कॉम्प्रोटीन' नावाचा कार्यक्रम रचून हे काम गणकयंत्रावर सोपविले. १२४ मण्यांच्या रायबोन्यूक्लिएज ह्या प्रथिनाचे तुकडे यंत्रास दिले असता त्याने काही मिनिटांत माळ जुळवून दिली.

कुलवृत्तान्ताचे काम केलेल्या मनुष्यास ही युक्ती परकी वाटणार नाही. आमच्या एका घराण्याच्या तीन याद्या मजकडे आल्या होत्या. पहिली वाळवीने खाल्लेली, दुसरी पाचव्या पिढीपासून सुरू होणारी, तिसरी कोणा सुनेने माहेरी नेऊन जपलेली. तीन ठिकाणी तेच दोन सख्खे भाऊ आणि त्यांची तीच चुलती सापडली तेव्हा कोठे नऊ पिढ्यांची साखळी पुरी झाली. मला त्यास दोन पावसाळे लागले.

ह्यानंतर बाईंनी जे हाती घेतले ते त्यांचे खरे जीवनकार्य होय. ठिकठिकाणच्या प्रयोगशाळांतून प्रथिनांचे क्रम प्रसिद्ध होत होते, पण ते विखुरलेले आणि पुष्कळदा चुकीचे छापलेले. हे सर्व एके ठिकाणी आणावे, ताडावे, शुद्ध करावे आणि यंत्रावर चढवावे असे त्यांनी ठरविले. १९६५ साली 'अ‍ॅटलास ऑफ प्रोटीन सीक्वेन्स अँड स्ट्रक्चर' ह्या ग्रंथाची पहिली आवृत्ती निघाली. तीत ६५ प्रथिने होती. पुढे त्याच्या आवृत्त्या व पुरवण्या १९७८ पर्यंत निघत राहिल्या आणि प्रत्येक आवृत्ती आधीपेक्षा जाड होत गेली.

अक्षरांचा प्रश्न येथेच उपस्थित झाला. प्रथिनांत वीस प्रकारचे मणी. प्रत्येकाचे नाव तीन अक्षरांत लिहिण्याची पद्धत होती. परंतु छिद्रपत्रावर रकाने ऐंशीच! एकेका मण्यास एकेक अक्षर दिले तर जागा तिपटीने वाचते. अशा खुणा पूर्वीही काहींनी सुचविल्या होत्या. बाईंनी त्यांस व्यवहारात आणले, आणि १९६८ साली आंतरराष्ट्रीय नामकरण समितीने एकाक्षरी पद्धतीस मान्यता दिली. एकाच आद्याक्षराचे अनेक दावेदार असतील तेथे, जो मणी प्रथिनांत अधिक आढळतो त्यास ते अक्षर मिळाले. उरलेल्यांची सोय ध्वनीवरून झाली. आर्जिनीनमध्ये 'आर' ऐकू येतो म्हणून आर. फेनिलॲलनीनला उच्चारावरून एफ. आणि ट्रिप्टोफॅन हा दोन कड्यांचा अवजड रेणू म्हणून त्यास डब्ल्यू हे जाडजूड अक्षर. बाईंच्या विनोदबुद्धीचा प्रत्यय येथे येतो. शाळेत सनावळी पाठ करून घेताना आम्हीही असल्याच युक्त्या करीत असू.

संग्रह हाती येताच त्यातून नाती दिसू लागली. श्वसनाच्या कामी येणारे सायटोक्रोम सी हे प्रथिन मनुष्यापासून यीस्टपर्यंत सर्वांच्या पेशींत असते. मनुष्यात त्याचे १०४ मणी आहेत. मनुष्य आणि चिंपांझी ह्यांच्या माळा तंतोतंत सारख्या. ऱ्हीसस माकडाशी एकाच जागी फरक, घोड्याशी बारा ठिकाणी, आणि यीस्टशी चाळिसाहून अधिक ठिकाणी. ह्या फरकांच्या मोजदादीवरून कोणती शाखा केव्हा निराळी झाली असावी ह्याचा वंशवृक्ष यंत्राकडून काढून घेण्याचे काम डेहॉफ आणि एक ह्यांनी १९६६ च्या आवृत्तीत करून दाखविले. आम्ही ज्ञातीज्ञातींत आणि पोटशाखांत अंतर मोजणारी माणसे. घोड्याशी असलेले आपले नाते अवघ्या बारा अक्षरांचे आहे, हे वाचून मी पुस्तक काही वेळ मिटून ठेवले.

ह्याहून खोल काम १९७८ चे. मोडी कागद वाचणारांस ठाऊक असते की नकलनवीस कोणत्याही अक्षराचे कोणतेही अक्षर करीत नाही. काही अक्षरे एकमेकांशी सहज गोंधळतात. काहींत चूक क्वचितच होते. अनुभवी वाचक ह्या जाणिवेनेच बिघडलेला शब्द ओळखतो. निसर्ग प्रथिनांच्या ज्या नकला पिढ्यान् पिढ्या करीत आला आहे, त्यातही असेच असले पाहिजे. बाईंनी आणि श्वार्ट्झ व ऑर्कट ह्या सहकाऱ्यांनी अंदाज न बांधता मोजणी केली. निकटच्या नात्यातील प्रथिनांचे ७१ गट घेतले, त्यांच्यात निसर्गाने मान्य केलेले १,५७२ फेरफार मोजले, आणि कोणता मणी किती वेळा कोणत्या मण्यास जागा देतो ह्याचे कोष्टक केले. ॲलनीनचा चंचलपणा १०० धरला तर ॲस्पराजिनचा १३४ भरतो आणि ट्रिप्टोफॅनचा अवघा १८. शंभर जागांत एक बदल होण्याइतक्या काळाचे हे कोष्टक त्याच कोष्टकाने पुनः पुनः गुणीत गेले की दीर्घ काळाचे चित्र मिळते. असे अडीचशे वेळा केले तर शंभरांपैकी सुमारे वीसच जागा जुळलेल्या उरतात; आणि तरीही ती दोन प्रथिने एका कुळातील आहेत की नाहीत हे ह्या कोष्टकाच्या साह्याने सांगता येते. संख्याशास्त्र, गणकयंत्र आणि रेणूंचा स्वभाव, ह्या तिन्हींची जाण एका डोक्यात नसती तर हे घडले नसते. तरुणपणी कड्यांच्या रेणूंचे गणित करणारी आणि उतारवयात फेरफार मोजणारी बाई वरवर पाहता दोन निराळ्या शास्त्रांतली वाटते. मला तसे वाटत नाही.

त्याचे फळ काय, असे कोणी विचारील. कोंबड्यांत कर्करोग उत्पन्न करणारा एक विषाणू आहे. १९८२ साली विनोना बार्कर आणि डेहॉफ ह्यांनी असे दाखविले की, त्या विषाणूचे रोगकारक प्रथिन आणि सस्तन प्राण्यांच्या पेशींत नित्याचे काम करणारे एक विकर हे एकाच घराण्यातील आहेत. प्रयोगशाळेत एकही परीक्षानळी न हलविता, केवळ दप्तर ताडून हे नाते उघडकीस आले.

एवढे असूनही संग्रहकाराच्या वाट्यास जे येते ते त्यांच्याही आले. प्रयोग करणारे म्हणत की, क्रम आम्ही शोधावे आणि बाईंनी ते छापावेत, ह्यात त्यांचे संशोधन कोणते? काहीजण स्वतःचा निबंध निघेपर्यंत क्रम देण्यास नाखूश असत. दुसरीकडे संग्रह चालविण्यास द्रव्य लागे, म्हणून ग्रंथ किंमत लावून विकावा लागे आणि संग्रहाच्या पुनर्वितरणावर बंधने असत. १९८० पासून त्यांचा न्यूक्लिइक आम्लांच्या क्रमांचा संग्रह दूरध्वनीच्या तारेवरून यंत्रास यंत्र जोडून पाहण्याची सोय त्यांनी केली होती. तरी १९८२ साली अमेरिकन सरकारने तशा क्रमांचा राष्ट्रीय संग्रह सोपविण्याचे ठरविले तेव्हा तो करार त्यांच्या संस्थेस न मिळता, लॉस अ‍ॅलामॉसच्या वॉल्टर गोड ह्यांच्या गटास व त्यांच्या सहकारी कंपनीस मिळाला. गोड ह्यांच्या पक्षाने माहिती सर्वांस मोकळी ठेवण्याचे मान्य केले होते. मला ह्यात बाईंविषयी हळहळ वाटते; परंतु निर्णय चुकीचा होता असे म्हणवत नाही. लोकांनी विश्वासाने दिलेली माहिती लोकांस मोकळेपणाने परत मिळावी, ही अपेक्षा वाजवी आहे. आमच्या कुलवृत्तान्ताचे भाग पत्रके देणाऱ्या कुटुंबांसही विकत घ्यावे लागतात, ही तक्रार दरवर्षी येते आणि आम्ही छपाईचा खर्च पुढे करतो. दोन्ही बाजू खऱ्या आहेत.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत, ५ फेब्रुवारी १९८३ रोजी, हृदयविकाराने बाईंचे निधन झाले. वय अठ्ठावन्नावे चालू होते. बायोफिजिकल सोसायटीच्या चिटणीस आणि पुढे अध्यक्षा होण्याचा मान त्यांना मिळाला होता. त्या सोसायटीने तरुण स्त्री-शास्त्रज्ञांसाठी त्यांच्या नावे पारितोषिक ठेवले. सहकाऱ्यांनी संग्रह बंद पडू दिला नाही. १९८४ मध्ये तो नव्या नावाने उभा राहिला, आणि २००२ साली युरोपातील दोन संस्थांच्या संग्रहांशी त्याचा मेळ घालून 'युनिप्रोट' हा सामाईक संग्रह झाला. तो आज कोणासही घरबसल्या विनामूल्य पाहता येतो.

मागील दिवाळीत कन्येने तो मला पडद्यावर उघडून दाखविला. मनुष्याचे सायटोक्रोम सी काढावयास सांगितले. अक्षरे दहादहांच्या गटांनी मांडलेली होती. डब्ल्यू एकदाच आले होते, ते मी लगेच हेरले. मग चष्मा सरसावून, जुन्या सवयीप्रमाणे बोट ठेवून सर्व अक्षरे मोजली, तर १०४ च्या ऐवजी १०५ निघाली. छापण्यात चूक झाली असावी असे मी म्हणालो. कन्या म्हणाली, "चूक नाही बाबा. पहिले 'एम' हे माळ ओवण्यास सुरुवात करण्यापुरते असते. माळ तयार होताना पेशी ते काढून टाकते. दुसऱ्यापासून मोजा." मी दुसऱ्यापासून मोजले.